धुंडी सौर ऊर्जा उत्पादक सहकारी मंडळी

गुजरातमधील खेडा जिल्ह्याच्या ठासरा तालुक्यातील धुंडी गावच्या शेतकऱ्यांची संस्था, स्थापना २०१६. सौरपंप चालवून उरलेली वीज सभासद एकत्रितपणे वीज कंपनीला विकतात. सहकारी वीजसंस्था पूर्वीही होत्या; पण महाराष्ट्रातील श्रीरामपूरची मुळा-प्रवरा सहकारी वीजसंस्था राज्य वीज मंडळाकडून वीज घेऊन ग्राहकांना पुरवीत असे. धुंडीत शेतकरीच विक्रेता आहे.

येथे पूर्वी पाणी डिझेल इंजिनांवर उपसले जाई. आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्था व टाटा यांच्या आणंद येथील जलधोरण कार्यक्रमाने सहा शेतकऱ्यांना घेऊन प्रयोग सुरू केला. त्यामागची मांडणी या संस्थेतील संशोधक तुषार शाह यांची. सौरपंपाला इंधन लागत नाही, म्हणजे ऊन असेतो तो चालणार आणि भूजल आटणार. पंप बंद ठेवण्यात पैसा दिसला, तरच तो बंद राहील.

म्हणून सभासदांचे पंप छोट्या वीजजाळ्याने जोडले. मध्य गुजरात वीज कंपनी एकाच ठिकाणी वीज मोजून घेते आणि पैसे मंडळीला देते. मंडळी ते ज्याच्या त्याच्या मीटरप्रमाणे वाटते. डेअरीत दूध घालण्याचीच ही रीत, आणि अमूलच्या मुलखात ती समजावून सांगावी लागली नसावी. करार २५ वर्षांचा, दर युनिटला ४ रु. ६३ पैसे. शिवाय हरित ऊर्जा व पाणीबचत यांसाठी प्रवर्तक संस्थेने, म्हणजे जलधोरण कार्यक्रमाने, सव्वा-सव्वा रुपया बोनस दिला; एकूण ७ रु. १३ पैसे. साडेसात एचपीचा पंप तासभर चालला की साधारण साडेपाच युनिटे जातात. या दराने, गरज नसताना सोडलेले तासाभराचे पाणी चाळीसेक रुपयांना पडते! मोबदल्यात सभासदांनी सवलतीच्या शेती वीजजोडणीवरचा हक्क २५ वर्षांसाठी सोडला.

पुढे सभासद नऊ झाले व क्षमता ५६.४ वरून ७१.४ किलोवॅटवर गेली. मात्र भांडवलाचा मोठा भार प्रवर्तक संस्थेने उचलला होता, बोनसही तिचाच. तेव्हा केवळ धुंडीच्या आकड्यांवरून हा धंदा स्वबळावर परवडतो असे म्हणता येत नाही.

गुजरात सरकारने २०१८ मध्ये आणलेल्या ‘सूर्यशक्ती किसान योजने’त उरलेली वीज विकण्याचे हेच तत्त्व आहे. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत (२०१७) प्रकल्प उपकेंद्राजवळ उभा राहतो आणि शेतीला दिवसा वीज मिळते; वाचवलेल्या युनिटाचे पैसे मात्र शेतकऱ्याच्या हाती पडत नाहीत.