निर्गुडीचा पाला कुणाचा?

वरणगावच्या आमच्या वस्तीत संध्याकाळी फिरलं की एक-दोन ओट्यांवर तरी हे दृश्य दिसतंच. दिवसभर कापूस वेचून आलेली बाई पाय पसरून बसलेली असते. सुजलेल्या गुडघ्यावर तव्यावर गरम केलेला निर्गुडीचा पाला फडक्याने बांधलेला असतो. ही झुडपं नाल्याच्या काठी आपोआप उगवतात, पाला कुणी विकत आणत नाही. "कुणी शिकवलं?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "माझ्या सासूने. तिला तिच्या सासूने."

मागच्या महिन्यात याच वस्तीतल्या पोरांच्या मोबाईलवर एक मेसेज फिरत होता. वर निर्गुडीचा फोटो, खाली 'आपल्या ऋषीमुनींचे 5000 वर्षांपूर्वीचे संशोधन' आणि शेवटी सांधेदुखीच्या चूर्णाची जाहिरात. आपल्याच एका तरुण कार्यकर्त्याने तो पुढे पाठवला. ज्याच्या आजीच्या गुडघ्यावर पाला बांधलेला आहे, त्याच नातवाने तिच्या ज्ञानाचं श्रेय ऋषींना देऊन टाकलं! हा लेख त्या मित्रासाठी आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी आहे.

ग्रंथच काय सांगतात?

आधी त्यांचेच ग्रंथ उघडू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पहिल्याच अध्यायात स्पष्ट लिहिलं आहे की वनस्पतींची नावं आणि रूपं शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी आणि वनात राहणारे लोक जाणतात. लगेच पुढे अट येते: नुसतं नाव-रूप जाणून भागत नाही, त्यांची योजना जाणणारा तोच खरा जाणकार. म्हणजे माहिती राखणाऱ्याची, मान मात्र वैद्याचा. सुश्रुतसंहितेत शूद्रालाही आयुर्वेद शिकवावा असं काहींचं मत नोंदवलेलं आहे, पण कसं? उपनयन न करता आणि मंत्र वगळून.

आता मनुस्मृती पाहा. श्राद्धाला कुणाला बोलावू नये याच्या यादीत वैद्य आहे. चौथ्या अध्यायात वैद्याचं अन्न पुवासारखं म्हटलं आहे. तैत्तिरीय संहितेत तर देवांचे वैद्य अश्विनीकुमारसुद्धा माणसांत वावरतात म्हणून अशुद्ध ठरतात, आणि ब्राह्मणाने वैद्यकी करू नये असा निष्कर्ष निघतो. देवीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी 1977 च्या 'सायन्स अँड सोसायटी इन एन्शंट इंडिया' या ग्रंथात हा विरोध सविस्तर मांडला आहे. कारण उघड आहे. वैद्याला जखम, पू, रक्त यांना हात लावावा लागतो आणि समोर येईल त्याला शिवावं लागतं. शिवाशिवीवर उभ्या असलेल्या व्यवस्थेला हे परवडणारं नव्हतं.

भिक्खूंची पानं, राजवैद्याचं दान

विनयपिटकाच्या महावग्गात औषधांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, भेसज्जक्खन्धक. त्यात आजारी भिक्खूंसाठी पानांच्या औषधांना परवानगी दिली आहे आणि पानांची नावंही दिली आहेत: कडुनिंब, कुडा, पडवळ, तुळस आणि कापूस. मुळांच्या यादीत हळद आणि आलं आहे. यात मंत्र नाही, यज्ञ नाही. आजारी माणूस आणि औषधी पान, एवढंच. कापसाच्या पानाला दोन हजार वर्षांपूर्वीच औषध म्हणून लिहून ठेवणारी परंपरा आपली आहे, हे कापूस वेचणाऱ्या खान्देशातल्या किती बौद्धांना माहीत आहे?

त्याच विनयात जीवकाची गोष्ट आहे. तक्षशिलेच्या गुरूने त्याला सांगितलं, योजनभर फिरून औषध नसलेली एक तरी वनस्पती घेऊन ये. जीवक रिकाम्या हाताने परतला, तेव्हा गुरू म्हणाला की तुझं शिक्षण झालं. सम्राट अशोकाचा दुसरा शिलालेख माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधी वनस्पती आणवून लावल्याचं सांगतो.

आणि हे सगळं दूर मगधात घडलं असं समजू नका. चाळीसगावच्या दक्षिणेला डोंगरात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी लेखांत 'राजवेज' म्हणजे राजवैद्य मगिल याचं दान कोरलेलं आहे. त्याच्या मुलाच्या आणि मुलीच्या नावेही दान आहे. पैठणच्या एका गंधिकाच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या कुळाने दिलेला खांबही तिथे आहे. मनू ज्याला श्राद्धाच्या पंगतीतून उठवतो, त्या वैद्याचं नाव लेण्यात सन्मानाने कोरलेलं आहे.

याचा अर्थ सगळं औषधशास्त्र बौद्धांनी शोधलं असा दावा मी करत नाही. तसं म्हटलं तर ऋषींच्या जागी भिक्खू बसवल्यासारखं होईल. पाला आधी राखणाऱ्यांना, आदिवासींना, बाळंतपण करणाऱ्या बायकांना ठाऊक होता. फरक एवढाच की एका परंपरेने हे ज्ञान घेऊन हात लावणाऱ्याला विटाळ ठरवलं आणि दुसरीने हात लावण्यालाच धम्म मानलं. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला बुद्धाने आनंदासोबत स्वतःच्या हाताने धुतलं होतं.

लिहिलेलं आणि न लिहिलेलं

आता आजच्या काळात या. 1995 मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या दोन संशोधकांना हळदीने जखम भरण्याच्या उपयोगावर पेटंट मिळालं. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ते लढवलं आणि 1997 मध्ये रद्द करून घेतलं. अभिमान वाटावा अशी ही लढाई आहे. पण पुरावा काय चालला? संस्कृत ग्रंथ आणि 1953 चा वैद्यकीय नियतकालिकातला छापील लेख. आपल्या आयांनी लाखो जखमांवर दाबलेली हळद हा पुरावा नव्हता.

आपला देशी कायदाही याच वाटेने चालला आहे. 2002 च्या जैविक विविधता कायद्यानुसार वनस्पतींचा व्यापारी वापर करणाऱ्याने लाभाचा वाटा ज्ञान राखणाऱ्या लोकांना द्यायचा होता. दिव्य फार्मसीने हा वाटा देण्याला आव्हान दिलं. डिसेंबर 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने ते फेटाळलं. मग 2023 मध्ये कायद्यातच दुरुस्ती झाली आणि 'संहिताबद्ध पारंपरिक ज्ञाना'ला वाटा देण्यातून सूट मिळाली. संहिताबद्ध म्हणजे काय? 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत यादी असलेल्या ग्रंथांतून आलेलं ज्ञान. त्या यादीत चरक आहे, सुश्रुत आहे.

साखळी नीट पाहा. चरक सांगतो की झाडं राखणाऱ्यांना माहीत आहेत. ते ज्ञान ग्रंथात गेलं. ग्रंथ अनुसूचीत गेला. आणि आता ज्ञान ग्रंथातलं आहे म्हणून राखणाऱ्यांच्या वारसांना वाटा नाही! ज्यांना अक्षर शिकू दिलं नाही, त्यांनाच 'तुम्ही लिहून ठेवलं नाही' म्हणून बाद केलं.

1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅममध्ये 'हॉर्टस मलबारिकस' हा मलबारच्या वनस्पतींचा ग्रंथ बारा खंडांत छापला गेला. त्यात माहिती देणाऱ्या इट्टी अच्युदन या एळवा, म्हणजे अवर्ण जातीच्या वैद्याचं नाव आणि त्याची साक्ष छापलेली आहे. डच नफ्यासाठीच आले होते, हे खरं. तरीही माहिती देणाऱ्याचं नाव छापण्याइतकं त्यांना जमलं.

पाल्याची आरती नको

इथे थांबलो तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. आपल्या आज्यांना पाला इतका का माहीत? कारण डॉक्टर त्यांना शिवत नव्हता. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये 12 डिसेंबर 1929 च्या 'यंग इंडिया'तलं काठेवाडच्या एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र दिलं आहे. त्याची बाळंत झालेली बायको छातीला सूज येऊन तळमळत होती. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. शेवटी तिला वस्तीबाहेर आणायला लावलं. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याला, नवऱ्याने बायकोला. न्यूमोनिया आहे असं सांगून तो गेला, पुन्हा यायला नकार दिला आणि ती बाई मेली. तिथे पाला पुरणार नव्हता. तिला शिवणारा डॉक्टर हवा होता.

पाल्यात गुण आहे का? आहे. 2003 मध्ये श्रीलंकेतल्या संशोधकांनी निर्गुडीच्या ताज्या पानांचा अर्क उंदरांना देऊन पाहिला, तेव्हा पंजाची सूज आणि वेदना कमी झाल्या. आपल्या शरीरात सूज आणणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं असतात. ॲस्पिरिन ती तयार होऊ देत नाही, हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवलं, आणि ॲस्पिरिनची वाटही विलो झाडाच्या सालीपासून सुरू झाली होती. पण उंदराचा पंजा म्हणजे साठ वर्षांच्या मजूर बाईचा झिजलेला गुडघा नव्हे. 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक असंही नाही. कोरोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवलं. सांधेदुखीच्या काही चूर्णांत गुपचूप स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. दोन दिवसांत सूज उतरते ती त्यामुळे, आणि पुढे साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. कालाम सुत्तात बुद्ध परंपरेवर आणि ग्रंथावर आंधळा विश्वास ठेवू नका म्हणतो. तो नियम आजीच्या पाल्यालाही लागू आहे.

मग करायचं काय?

निर्गुडी ग्रंथांत गेलेली आहे, तिच्यावरचा हक्क कायद्याने जवळपास संपलाच. पण आपल्या उत्तरेला सातपुड्यात तडवी, पावरा बांधवांकडे आणि आपल्या वस्त्यांतल्या म्हाताऱ्यांकडे कितीतरी पाले असे आहेत की जे कुठल्याच संहितेत नाहीत. प्रत्येक ग्रामपंचायत आणि नगरपरिषदेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी, असं कायदा सांगतो. कार्यालयात जाऊन ती वही मागा. त्यात काय लिहिलं आहे, कुणाचं नाव लिहिलं आहे ते वाचा. ज्ञान देणाऱ्या बाईला विचारून, तिच्या नावासकट नोंद करा.

आणि त्याच अर्जासोबत दुसरा अर्ज द्या: सरकारी दवाखान्यात हाडांचा डॉक्टर ठरलेल्या दिवशी यावा, एक्स-रे चालू असावा. सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य आहे, असं संविधानाचं कलम 47 सांगतं.

मेसेज पुढे पाठवणाऱ्या त्या मित्राला मी एवढंच सांगितलं: रविवारी वंदना झाल्यावर आजीजवळ वही घेऊन बस. तिला कोणकोणते पाले माहीत आहेत ते लिही. मग तिला गाडीवर बसवून दवाखान्यात ने.

जय भीम! नमो बुद्धाय!