गाडी रेस घेत नाही

इतिहास म्हटलं की आपल्याला राजे, लढाया आणि किल्ले आठवतात. आमच्या बीड जिल्ह्यातही ते आहे. कंकालेश्वराचं मंदिर आहे, खजाना विहीर आहे, धारूरचा किल्ला आहे. त्यांच्याविषयी बोलणारे जाणकार पुष्कळ आहेत. मी आज एका साध्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे. ट्रकचालकाच्या उजव्या पायाखाली असते ती वस्तू, म्हणजे ॲक्सिलेटरचं पेडल.

एका कवीने पेडलविषयी का बोलावं, असं कुणाला वाटेल. कारण एवढंच की या जिल्ह्याचं पोट चाकावर आहे. परळीला रेल्वे निजामाच्या काळापासून आहे, पण जिल्ह्याचं ठाणं असलेल्या बीड शहरातून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोवर मीठ असो की सिमेंट, आणि सरकीपासून माणसांपर्यंत सगळं, या शहरात आलं आणि गेलं ते रस्त्याने. धुळे-सोलापूर हमरस्ता गेवराई, बीड, मांजरसुंब्यावरून जातो. पूर्वी त्याला २११ नंबरचा म्हणत, आता तो ५२ नंबरचा आहे. अशा हमरस्त्याच्या कडेला गॅरेजं उभी राहतात आणि त्या गॅरेजांतून पिढ्यान्‌पिढ्या एक वाक्य ऐकू येतं, ‘उस्ताद, गाडी रेस घेत नाही.’

वाक्य तेच राहिलं आहे. त्याचं कारण मात्र गेल्या सत्तर वर्षांत पार बदललं. आज मला सांगायचा आहे तो हा बदल.

मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. निजाम सरकारने १९३२ साली २७ ॲल्बियन बसगाड्यांवर सरकारी मोटारवाहतूक सुरू केली. मालवाहतुकीचं खरं युग आलं ते मात्र स्वातंत्र्यानंतर, डिझेलच्या पाठीवर बसून. जर्मनीत रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ साली यशस्वी झालं होतं, पण ते अवजड होतं, कारखान्यात एका जागी बसणारं. ते रस्त्यावर धावू लागलं ते नेमकं डिझेल मोजून देणारा छोटा पंप तयार झाल्यावर. बॉश कंपनीने तो पंप १९२७ साली मोठ्या संख्येने बनवायला घेतला. आपल्याकडे १९५१ मध्ये ‘मायको’ कंपनी स्थापन झाली, आणि १९५४ मध्ये टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. तो करार १९६९ साली संपला. ट्रकच्या तोंडावरचा तारा जाऊन तिथे टाटांचा ‘टी’ आला. आतलं इंजिन मात्र आमच्या मिस्त्र्यांना तोवर पाठ झालं होतं.

त्या जुन्या ट्रकमध्ये पेडल आणि पंप यांचं नातं सरळ होतं. पाय दाबला की सळया आणि सांधे ओढले जात. ती ओढ पंपापर्यंत पोहोचे. पंपात एक दातेरी पट्टी असते, तिला रॅक म्हणतात. ती सरकली की प्रत्येक सिलिंडरला जाणाऱ्या डिझेलचं माप वाढे. वेग हाताबाहेर जाऊ नये म्हणून मध्ये गव्हर्नर असे. सगळं डोळ्यांना दिसणारं आणि हाताला लागणारं.

इथे एका शब्दाचा घोळ सोडवायला हवा. इंग्रजीतला थ्रॉटल म्हणजे गळा आवळणं. पेट्रोलच्या इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते, तिचा गळा आवळला की जोर कमी होतो. जुन्या डिझेल इंजिनात अशी झडप सहसा नसे. हवा मोकळी येई, मोजून दिलं जाई ते फक्त डिझेल. म्हणून ट्रकवाला आज ‘थ्रॉटल सेन्सर’ म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याला पेडलचा सेन्सर म्हणायचं असतं. नव्या गाड्यांत धूर आटोक्यात ठेवण्यासाठी हवेच्या वाटेवरही झडप आली आहे आणि तिलाही स्वतःचा सेन्सर आहे. या दोन सेन्सरांच्या नावांत गल्लत झाली की चांगला पार्ट निघतो आणि बिघडलेला तसाच राहतो.

आमच्या मोहल्ल्यात एक उस्ताद होते. गाडी रेस घेत नाही म्हणून ट्रक आला की ते आधी पान्याला हात लावत नसत. चालकाला विचारत, ‘कधीपासून? चढावर की सपाटीला? थंड असताना की गरम झाल्यावर?’ मग इंजिन चालू ठेवून मोठा स्क्रू ड्रायव्हर घेत. त्याचं टोक इंजिनला आणि मूठ कानाजवळच्या हाडाला लावत. नंतर नोझलकडे जाणाऱ्या नळीचा एकेक नट किंचित ढिला करत. नट ढिला केल्यावर इंजिनचा आवाज पडला, तर तो सिलिंडर काम करत होता. आवाज जसाच्या तसा राहिला, तर दोष तिथे. ना वीज, ना यंत्र. एकेकाला बाजूला काढून पाहायचं आणि उरतो त्याला धरायचं. डॉक्टर, वकील आणि इतिहासकारही हेच करतात, फक्त त्यांचे कपडे काळे होत नाहीत.

या दुरुस्तीवर काय काय अवलंबून असतं, ते ऊसतोडीच्या हंगामात दिसतं. दिवाळीच्या सुमारास पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतून लाखो माणसं कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे आणि कर्नाटकात निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल आधीच खर्च झालेली असते. ट्रकमध्ये भांडी, सरपण, कोपीचं सामान, शेळी, कोंबड्या आणि पोरं. अशी गाडी रात्री घाटात मध्येच दम सोडते, तेव्हा अडकतो तो सगळ्यांचा संसार. ज्या दिवशी कोयता चालत नाही, त्या दिवशी उचल फिटत नाही. मिस्त्रीने दोष शोधायला घेतलेला एक तास आणि चुकीचा पार्ट आणण्यात गेलेला एक दिवस, यांतला फरक ही माणसं मोजतात.

मग काळ बदलला. शहरांची हवा काळी पडली, न्यायालयं आणि सरकार जागे झाले. २००० सालापासून धुराचे नियम देशभर टप्प्याटप्प्याने कडक होत गेले. १ एप्रिल २०१७ पासून देशभर भारत स्टेज ४ आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झालं. थेंबभर डिझेलही वाया जाऊ द्यायचं नाही, तर माप सळईवर सोडून चालणार नव्हतं. ते काम संगणकाकडे गेलं. पाय आणि पंप यांच्यातली सळई निघाली आणि तिच्या जागी तारा आल्या.

आता पेडल काहीच ओढत नाही, ते फक्त खबर देतं. संगणकाकडून त्याला पाच व्होल्टची वीज मिळते. पेडल जितकं दाबावं तितका परतीच्या तारेवरचा व्होल्ट वाढतो. नेहमीच्या एका प्रकारात पेडल सोडलेलं असताना तो पाऊण व्होल्टच्या आसपास असतो आणि पूर्ण दाबल्यावर पावणेचारच्या आसपास जातो. एकाच खबरीवर विश्वास नको म्हणून सेन्सर दोन असतात आणि बऱ्याच गाड्यांत दुसऱ्याचा आकडा पहिल्याच्या निम्मा ठेवलेला असतो. दोन साक्षीदारांची जबानी जुळली नाही की संगणक दोघांवरही भरवसा ठेवत नाही. दिवा पेटवतो, कोड नोंदवतो आणि इंजिन जेमतेम चालेल एवढंच डिझेल देतो. गाडी लंगडत घरी जाऊ शकते, उधळू शकत नाही. चालकाला तो छळ वाटतो, पण त्यामागे शहाणपण आहे. खोट्या साक्षीवर भरलेला ट्रक सुसाट सुटला असता तर काय झालं असतं, याचा विचार करा.

जुने मिस्त्री इथे थबकले. आवाज ऐकायला काही नव्हतंच. इंजिन ठणठणीत आणि गाडी मात्र ढिम्म. स्कॅनर लावला की पडद्यावर कोड येई. दोन सेन्सरांचं जुळत नाही, हे सांगणारा पी २१३८ त्यांपैकीच. कोड वाचून सेन्सर बदलायचा, एवढाच अर्थ अनेकांनी काढला. सेन्सर बदलूनही तीच तक्रार घेऊन गाडी परत आली, तेव्हा खरा धडा सुरू झाला. कोड फक्त भांडण कुठे आहे ते सांगतो. खोटं कोण बोलतंय, ते माणसाला शोधावं लागतं.

चांगला कारागीर ते असं शोधतो. स्कॅनरवर पेडलची टक्केवारी लावून तो पेडल हळूहळू दाबतो. आकडा शून्यापासून शंभरापर्यंत न अडखळता चढला पाहिजे. मध्येच उडी मारली, तर सेन्सरची आतली पट्टी झिजली असण्याचा संशय. मग पेडल स्थिर ठेवून वायरिंग हलवतो. आकडा नाचला, तर दोष तारेत किंवा कपलरमध्ये. आमच्याकडची धूळ, पावसाचं पाणी आणि हंगामानंतर महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीतले उंदीर हे तारेचे तीन वैरी. कपलर उघडून पिना हिरव्या पडल्यात का, वाकल्यात का, ते तो पाहतो. चावी चालू करून मीटरने पाच व्होल्ट येतात का, अर्थ नीट आहे का, ते तपासतो.

पाच व्होल्ट येत नसतील तर? अनेक गाड्यांत तीच वीज आणखी काही सेन्सरांना जाते. त्यांतला एक जरी आतून शॉर्ट झाला, तरी तो सगळ्यांची वीज पाडतो. मग कारागीर एकेकाचा कपलर काढतो. ज्याचा काढल्यावर पाच व्होल्ट परत आले, तो चोर. नळीचे नट एकेक ढिले करणारे उस्ताद आठवले ना? कानाच्या जागी मीटर आला, रीत तीच राहिली.

सगळं तपासून दोष सेन्सरचाच निघाला, तर बदलण्याचं काम थोडक्या वेळाचं. चावी बंद, बॅटरीची मायनस तार बाजूला. पुष्कळ गाड्यांत सेन्सर पेडलसकटच मिळतो, म्हणून जुन्याचा पार्ट नंबर नव्याशी ताडून घ्यायचा. दोन-तीन बोल्ट, एक कपलर. मग जुना कोड पुसायचा, काही गाड्यांत संगणकाला नव्या पेडलची सुरुवात आणि शेवट ओळखून द्यायचा, आणि शून्य ते शंभर पुन्हा तपासायचं. शेवटी गाडी चढावर नेऊन पाहायची.

या इतिहासाचा एक पेच अजून सुटलेला नाही. स्क्रू ड्रायव्हर कुणीही विकत घेऊ शकत होता. स्कॅनर, त्याचं सॉफ्टवेअर आणि वायरिंगचे नकाशे यांच्या किल्ल्या मात्र कंपन्यांच्या हातात. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधनं खुल्या बाजारात न देणं, हा ठपका त्यात होता. दंडाच्या रकमेवर पुढे वरच्या पायरीवर वाद चालला आणि ते प्रकरण मोटारींचं होतं, ट्रकचं नव्हतं. प्रश्न मात्र गॅरेजच्या दारातलाच होता. जुलै २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करायला समिती नेमली, तेव्हा तिच्यापुढच्या यादीत वाहनंही होती. घाटात रात्री अडकलेल्या माणसाला जवळचं गॅरेज हवं असतं. त्या गॅरेजला गाडी उघडून पाहण्याचा हक्क आणि ज्ञान हवं, एवढी ती साधी गोष्ट आहे.

मिस्त्री हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. मूळ शब्दाचा अर्थ गुरू. फारसीतल्या उस्तादचाही तोच अर्थ आणि मराठीने त्याचाच वस्ताद करून तालमीत बसवला. दोन दूरच्या भाषांनी हत्यार धरणाऱ्याला शिकवणाऱ्याचंच नाव दिलं. गॅरेजमधल्या पोरांना ‘हा काढ, तो लाव’ एवढंच सांगितलं, तर ती हमाल होतील. ‘का’ सांगितलं, तर मिस्त्री होतील. आणि तुम्ही-आम्ही गिऱ्हाइकांनीही थोडी मदत करावी. ‘सेन्सर गेलाय’ असं कुणी म्हणालं, तर पाकीट काढण्याआधी आदबीने एकच विचारावं, ‘उस्ताद, कशावरून?’ खऱ्या कारागिराला या प्रश्नाचा राग येत नाही. तो मीटर पुढे करतो आणि दाखवतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)