पेंडनची इवलीशी खेडी

रॉय इंग्लंड हा ऑस्ट्रेलियन तरुण 1925 मध्ये इंग्लंडला आला तो रेल्वेच्या वेडाने. पण व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या खोऱ्यात फिरताना त्याचे लक्ष गवताने शाकारलेल्या जुन्या घरांकडे गेले. ही घरे एकेक करून बदलत होती, पडत होती. ती मोडण्याआधी मोजून घ्यावीत आणि त्यांच्या प्रतिकृती कराव्यात, असे त्याने ठरवले.

त्यातूनच 1954 मध्ये ऑक्सफर्डशरमधील लाँग विटनहॅम गावी पेंडन संग्रहालय उभे राहिले. प्रमाण एका फुटाला 4 मिलिमीटर, म्हणजे सुमारे 1:76. भिंती पुठ्ठ्याच्या, त्यावर एकेक वीट कोरून जलरंगाने रंगवायची. छपरासाठी नळजोडणीतले तागासारखे धागे. एका घराला महिनोन्‌महिने लागत, आणि हा हट्ट अवाजवी म्हणता येत नाही, कारण मूळ घर पुढे राहीलच याची खात्री नव्हती.

या घरांच्या सोबतीला रॉयने रेल्वेही ठेवली; पण रेल्वेला निसर्गदृश्याचा भाग मानण्याची दृष्टी त्याच्या एकट्याची नव्हे. रेल्वेच्या प्रतिकृती करणारे जॉन अहर्न यांनी 1930 च्या दशकाच्या अखेरीस ‘मॅडर व्हॅली’ या काल्पनिक रेल्वेमार्गाच्या प्रतिकृतीतून ती रुजवली. ती प्रतिकृतीही आता पेंडनमध्येच आहे.