बोरघाटाचे फोटो आणि त्यात न हललेली माणसं

जुने फोटो म्हटलं की आपल्या फोनवर मुंबईचेच येतात. घोड्याच्या ट्राम, रिकामा मरीन ड्राइव्ह, व्हीटीसमोरच्या व्हिक्टोरिया. खाली 'ते दिवस गेले' टाइपची एक ओळ. मला मात्र एकोणिसाव्या शतकातले सगळ्यात जबरदस्त फोटो आमच्या गावामागच्या डोंगरातले वाटतात. माझं गाव कुंभिवली, तालुका खालापूर. पूर्वेकडे मान वळवली की सह्याद्रीची भिंत, आणि त्या भिंतीवर रेल्वे चढली ती बोरघाटातून.

यातला सगळ्यात प्रसिद्ध फोटो रिव्हर्सिंग स्टेशनचा. दरीच्या काठावर कापून काढलेली सपाट जागा, तिथे खालून येणारे रूळ आणि तिथूनच वर जाणारे दुसरे रूळ. इंग्रजी व्ही अक्षर आडवं ठेवावं तसं. गाडी खालून यायची, टोकाला थांबायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढची चढण सुरू करायची. वळण घ्यायला डोंगरात जागाच नव्हती, म्हणून हा उपाय. कोडिंगमध्ये आम्ही याला 'वर्कअराउंड' म्हणतो आणि जरा लाजतच कबूल करतो. इथे तो पासष्टेक वर्षं चालला. 1929मध्ये नवा मार्ग झाला तेव्हा कुठे ते स्टेशन सुटलं.

घाटाचे आकडे आजही दमवणारे आहेत. लांबी जवळपास 16 मैल, चढ 1831 फूट, 25 बोगदे, 8 मोठे दगडी पूल. सगळ्यात तीव्र चढ 1:37, म्हणजे 37 फूट पुढे गेलात की 1 फूट वर. आजसुद्धा कर्जतला गाडीमागे बँकर इंजिनं लागतात ती याच चढापायी. आपण तेवढ्यात वडा घेतो, हा आपला फायदा.

घाट होण्याआधी आमची खोपोली हे मुंबईकडून येणाऱ्या रेल्वेचं शेवटचं टोक होतं. 1856मध्ये गाडी इथवर आली, 1858मध्ये वर खंडाळा ते पुणे सुरू झाली, आणि मधला डोंगर तसाच. लोक खोपोलीला उतरायचे, पालखीत, डोलीत किंवा तट्टावर बसून घाट चढायचे आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचे. कनेक्टिंग फ्लाइट चुकली म्हणून चिडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता फोटोंकडे. या बांधकामाच्या फोटोंचा एक अल्बम ॲलिस ट्रेडवेल या बाईंच्या नावावर आहे, आणि त्यांची गोष्ट फोटोंइतकीच विलक्षण आहे. जेम्स बर्कले हे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य इंजिनिअर. 1856च्या जानेवारीत घाटाचं काम सुरू झालं तेव्हा कंत्राटदार होता विल्यम फेव्हिएल. 1859मध्ये त्याने काम सोडलं. मग सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार इंग्लंडहून आला आणि भारतात पोचल्यावर महिन्याभराच्या आत वारला. नवऱ्यामागे बाईने पहिल्या बोटीने परत जावं, असा तो काळ. ॲलिसबाईंनी कंत्राट स्वतःकडे ठेवलं. ॲडमसन आणि क्लाउझर या दोन इंजिनिअरांवर रोजचं काम सोपवलं आणि घाट पुरा करून दिला. 21 एप्रिल 1863ला मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी उद्घाटन केलं. बर्कले तोवर हयात नव्हते.

त्या काळी फोटो काढणं म्हणजे काय होतं, हे कळल्याशिवाय या फोटोंकडे नीट बघताच येत नाही. पद्धत होती ओल्या काचेची. काचेवर कोलोडियनचा चिकट थर द्यायचा, तो चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायचा आणि काच ओली आहे तोवरच फोटो काढून ती धुवायची. हातात काही मिनिटं. म्हणून कॅमेऱ्याबरोबर अंधारा तंबू, बाटल्या, पाणी आणि काचांची पेटी असं सगळं घाटात चढवावं लागे. आमच्याकडच्या एप्रिलच्या उन्हात ओलं फडकं किती वेळ टिकतं ते मला माहीत आहे. काच तर त्याहून लवकर सुकणार.

हे तंत्र तेव्हा आपल्याकडेही अगदी नवं आणि जोरात होतं. मुंबईत 1854मध्येच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे नावाजलेले फोटोग्राफर होते. म्हणजे कॅमेरा फक्त साहेबाच्याच हातात होता असं नाही. घाटात मात्र तो कंत्राटदाराच्या बाजूनेच उभा होता.

आणखी एक मर्यादा होती. काचेवर चित्र उमटायला काही सेकंद लागायचे. तेवढ्यात जो हलला तो धुरकट झाला, जो चालत गेला तो उमटलाच नाही. पूल हलत नाही, म्हणून दगड न् दगड मोजता येतो. माणसं दिसतात ती 'हलू नका' म्हणून सांगून उभी केलेली, तीही बहुतेक पुलाचा आकार कळावा म्हणून. मापपट्टीसारखी. टोपली घेऊन जाणारी बाई, पहार मारणारा हात, असल्या गोष्टी त्या काचेला पकडताच येत नव्हत्या. आणि घाटातलं खरं काम तर हेच होतं.

काम भरात असताना, 1861च्या सुमारास, घाटात एका वेळी 42 हजारांहून जास्त माणसं होती. आजच्या खोपोलीच्या अर्ध्याहून जास्त वस्ती डोंगराला लटकली आहे अशी कल्पना करा. लटकली हा शब्द शब्दशः घ्या. कड्यावरून दोराने खाली सोडलेली माणसं पहारीने भोकं पाडत, त्यात सुरुंगाची दारू भरत. डायनामाइटचा शोध तेव्हा लागलेलाच नव्हता. पावसाळ्यात काम थांबायचं आणि दसऱ्याच्या आगेमागे पुन्हा उभं राहायचं. पटकी यायची आणि तळच्या तळ उठायचे. मेलेल्यांचे अंदाज हजारांत आहेत. मोजणी कुणी धड ठेवलीच नाही, हे मला त्या आकड्यापेक्षा जास्त टोचतं. कारण त्याच कंपनीने किती दगड फोडला याचा हिशोब घनफुटांत ठेवला होता.

आणि एक प्रसंग असा, ज्याचा फोटो निघणं शक्यच नव्हतं. 1859च्या जानेवारीत मजुरीवरून घाटात दंगा झाला. पैसे थकले होते, मुकादमांच्या साखळीतून खाली येईतो कमी होत होते. हजारो मजूर युरोपियन देखरेखवाल्यांवर धावून गेले. फेव्हिएल गेला तो यानंतर काही आठवड्यांतच. पुढच्याच वर्षी सरकारने मालक आणि कामगारांच्या तंट्यांसाठी कायदा केला. रेल्वे, कालवे असल्या कामांवरचे मजुरीचे वाद मॅजिस्ट्रेटने झटपट मिटवावेत म्हणून. पण काम अर्धवट सोडणाऱ्या मजुराला शिक्षेची तरतूदही त्यातच होती. आमच्या क्षेत्रात नोटीस पीरियडवरून एवढी कुरकूर चालते, म्हणून ही दुसरी बाजू वाचताना मी थांबलो.

पुलाचंही एक सांगायला हवं. या फोटोंमधला सगळ्यात देखणा पूल म्हणजे माऊकीमाळीचा, 8 कमानींचा, दरीत उंच उभा. फोटोत तो पिरॅमिडसारखा कायमचा वाटतो. 1867च्या जुलैत तो कोसळला. उद्घाटनाला जेमतेम चार वर्षं झाली होती. तो फोटो आता चालू वास्तूचा नाही, पडलेल्या वास्तूचा पुरावा आहे. बांधकामाच्या दर्जाबद्दल तेव्हा बरीच चर्चा झाली, दुरुस्त्या झाल्या, इतरही पूल तपासले गेले. घाईघाईत रिलीज केलेल्या प्रॉडक्टचं जे होतं तेच.

आमच्याकडे घाटाची गोष्ट मात्र या फोटोंवरून कुणी सांगत नाही. ती शिंग्रोबावरून सांगतात. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर घाटात त्याचं देऊळ आहे. गोष्ट अशी की साहेबांना वर जायची वाट सापडत नव्हती, ती शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली. बक्षीस काय पाहिजे विचारल्यावर तो म्हणाला, आमच्या देशाला स्वातंत्र्य द्या, आणि साहेबाने त्याला गोळी घातली. ही दंतकथा आहे, कागदावर तिला आधार नाही. तरी मी ती खोटी म्हणून बाजूला टाकत नाही. घाटाच्या वाटा धनगरांना, ठाकरांना, कातकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होत्या. डोंगरात मेलेल्या इतक्या माणसांपैकी निदान एकाला तरी नाव मिळालं, ते या गोष्टीने दिलं.

शिंग्रोबाचा फोटो नाही, मूर्तीच आहे. घाट चढणारे ट्रकवाले तिथे गाडी हळू करतात, नाणं टाकतात आणि पुढचा गिअर घेतात.