घारापुरीचा दिवा

परदेशी प्रवाशांची मोठी आगबोट मुंबईस लागली, की उतारूंपैकी कित्येक जण लाँचमध्ये बसून घारापुरीला जातात, लेणी पाहतात आणि परत फिरतात. ही रीत जुनी आहे. १८७५ साली इंग्लंडच्या युवराजांना तर लेण्यातच मेजवानी झडली. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले, तो हत्तीही आज बेटावर नाही; भायखळ्यास म्युझियमच्या आवारात आहे.

१९८७ साली लेणी जागतिक वारसा ठरली. पण शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तेथील तीन वस्त्यांना समुद्राखालच्या तारेने कायमची वीज मिळाली, ती २०१८ साली! पाहुण्यांना पायघड्या आधी, घरधन्याला दिवा मागाहून.

शहापूर-मुरबाडकरांना हे नवे नाही. शहापूर तालुक्यातील तानसा धरण १८९२ साली पुरे झाले आणि पाणी मुंबईला गेले. त्याच तालुक्यात उन्हाळ्यात आमच्या मायबहिणी हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. संघटनेच्या कामात मी एक हिशेब शिकलो: कोण आले याबरोबरच, त्यांच्यासाठी धक्क्यावर दोर धरून कोण उभे होते, तेही इतिहासात मांडावे लागते. मग मागणे भीक राहत नाही, थकबाकी ठरते.