न खेळलेली अंतिम लढत

टेनिसच्या डेव्हिस चषक स्पर्धेत भारताने तीन वेळा अंतिम फेरी गाठली. १९६६ साली मेलबर्नला ऑस्ट्रेलियाने आपल्याला ४-१ असे हरवले. १९८७ साली गोथेनबर्गला स्वीडनने ५-० असा धुव्वा उडवला. या दोन पराभवांच्या मधोमध १९७४ साल उभे आहे. त्या वर्षी आपला संघ अंतिम लढतीसाठी मैदानात उतरलाच नाही. रामनगरसारख्या गावी इतिहास शिकवणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाला याच नोंदीचे मोल अधिक वाटते.

तो संघ काही नशिबाने वर आलेला नव्हता. विजय व आनंद हे अमृतराज बंधू, जसजित सिंग आणि शशी मेनन असे हे चौघे. कलकत्त्याला त्यांनी बलाढ्य ऑस्ट्रेलियाला ३-२ असे नमवले. त्या लढतीत एकूण ३२७ गेम झाले आणि तो डेव्हिस चषकातला विक्रम ठरला. अमृतराज बंधूंनी जिंकलेल्या एकट्या दुहेरीतच ९९ गेम झाले : १७-१५, ६-८, ६-३, १६-१८, ६-४! पुढे सोव्हिएत संघावर ३-१ असा विजय मिळाला, तो आपल्या पुण्यात. अंतिम फेरीचे दार उघडले ते महाराष्ट्राच्या भूमीवर, याचा मराठी माणसाला अभिमान वाटावा.

पण दारापलीकडे दक्षिण आफ्रिका उभी होती. कातडीच्या रंगावरून माणसाची वस्ती, शाळा आणि मताचा हक्क ठरवणारी ती राजवट. गांधीजींच्या सत्याग्रहाचा जन्म त्याच भूमीत झाला. तिथल्या अन्यायी कायद्यांचा निषेध म्हणून भारताने १९४६ सालीच, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी, त्या देशाशी व्यापार तोडला होता. या धोरणाला जागून सरकारने खेळण्यास नकार दिला. चषकाची अंतिम लढत न खेळताच निकालात निघण्याची ती पहिलीच वेळ. दक्षिण आफ्रिका चषक जिंकणारा पाचवा देश ठरली.

वर्गात हे सांगितले की एखादा मुलगा विचारतोच, "सर, पण यात खेळाडूंचा काय दोष?" प्रश्न रास्त आहे. विजय अमृतराज तेव्हा जेमतेम एकविशीत होते. निर्णय दिल्लीचा होता, किंमत मात्र खेळाडूंनी मोजली.

रामनगरच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. काळी नदीवर सुप्याचे धरण झाले, राज्याला वीज मिळाली. सुपा गाव मात्र पाण्याखाली गेले आणि तिथली कित्येक घरे उठून रामनगरला आली. चषक आणि घरदार एका तागडीत तोलता येणार नाही, हे मी जाणतो. पण त्याग जाहीर करणारा एक आणि तो सोसणारा दुसरा, हे दोन्हीकडे सारखेच.

म्हणून निर्णय चुकला असे मी म्हणणार नाही. १९९३ साली उभय देशांचे राजनैतिक संबंध जुळले, १९९४ साली नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. जगाने टाकलेल्या त्या दीर्घ बहिष्कारात भारताच्या नकाराचाही वाटा होता. मुलांना हा इतिहास शिकवताना आपण सरकारच्या धोरणाचे नाव घेतो; त्यासोबत त्या चार खेळाडूंचीही नावे घ्यावीत, एवढेच माझे मागणे आहे.