दम कोणी मोजायचा?

पुण्यात मानाच्या पाच गणपतींचा क्रम शाळकरी पोरालाही पाठ असतो: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. यातले मधले तीन बुधवार पेठेच्या अंगणातले. त्यातल्या तिसऱ्याच्या नावात तालीम आहे, पण त्या नावावरून तालीम शोधत आज कोणी येत नाही. 1887 साली, म्हणजे टिळकांनी या उत्सवाला सार्वजनिक रूप देण्याच्या काही वर्षं आधी, भिकू शिंदे आणि उस्ताद नालबन यांच्या पुढाकाराने इथल्या एका तालमीत हा गणपती बसला. हिंदू आणि मुसलमान एकाच मातीत अंग घोळवत होते, तेव्हा देवही दोघांनी मिळून बसवला. पुढे तालीम गेली आणि गणपती राहिला. लक्ष्मी रस्त्याच्या दुकानांवर ‘जिम’च्या पाट्या आल्या, लाल माती जाऊन रबराच्या चटया आल्या. याबद्दल हळहळण्याचं मला काही कारण दिसत नाही. लोखंडाच्या वजनांनीही शरीर चांगलंच घडतं. मात्र तालमीबरोबर एक गोष्ट गेली आणि तिची उणीव आत्ता, डॉक्टरांनी लिहून दिलेली उत्तेजक औषधं घेऊन व्यायामाला येणाऱ्या तरुणांच्या बाबतीत, नेमकी जाणवते. कुठे थांबायचं हे ठरवण्याची जबाबदारी तालमीने व्यायाम करणाऱ्याच्या एकट्याच्या अंगावर टाकलेली नव्हती.

पेठेतली तालीम म्हणजे बुटक्या दाराची, अर्धवट अंधाराची खोली. एका कोपऱ्यात शेंदूर लावलेला मारुती, मधोमध हौदा. हौद्यातली माती नुसती माती नसे. तीत तेल, ताक, हळद कालवून ती मऊ राखलेली असे. पहाटे उजाडण्यापूर्वी जोर आणि बैठका, मग जोडी किंवा करेल ही लाकडी मुद्गलं फिरवणं, मग लढत. घाम आला की मातीच अंगाला चोळायची. पहाटेच्या वेळेला धार्मिक रंग होता, तसाच रोकडा फायदाही होता: एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, आणि ऊन चढण्याच्या आत मेहनत उरकलेली असे. या सगळ्यावर वस्तादाची नजर. कोणाला दम लागला, कोणाचा श्वास तोंडातून येऊ लागला, कोणाचे पाय लटपटतात, हे तो बघे आणि ‘बस’ म्हणे. नव्या पोराचे जोर किती हा हिशेब पोराचा नसे, वस्तादाचा असे.

ही शिस्त आकाशातून पडलेली नव्हती. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने लिहवलेल्या मानसोल्लासात मल्लविनोदाचं स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मल्लांची वय आणि बळ पाहून प्रतवारी केली आहे, त्यांचा खुराक ठरवून दिला आहे. त्याहून जुनी गोष्ट आयुर्वेदातली. सुश्रुत आणि वाग्भट दोघेही व्यायामाचे भक्त, पण दोघांचाही आग्रह एकच: आपल्या बळाच्या अर्ध्यापर्यंतच जा. अर्धं बळ ओळखायचं कसं, याची खूणही सुश्रुताने सांगितली आहे. छातीतला श्वास तोंडाशी येऊ लागला की ती मर्यादा आली. आजचे डॉक्टर हीच गोष्ट निराळ्या रीतीने सांगतात: व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येऊ नये. अति मेहनत करणाऱ्याला वाग्भटाने हत्तीला ओढत नेणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. शिकार मोठी मिळते आणि शिकारीच तिच्या भाराने मरतो.

या सगळ्या पद्धतीचा पाया एकाच गृहीतकावर उभा आहे, आणि ते म्हणजे थकवा खरं बोलतो. उत्तेजक औषधं नेमकं हेच गृहीतक डळमळीत करतात. अवधान टिकत नाही, चंचलता आवरत नाही अशा विकारावर भारतात या गटातलं जे औषध मुख्यतः लिहून दिलं जातं, ते मिथाइलफेनिडेट. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत ते आहे, त्यामुळे चिठ्ठीशिवाय मिळत नाही. या औषधाच्या जन्मकथेतच व्यायाम आहे. 1944 साली सीबा कंपनीतल्या लिआंद्रो पानित्सोन या रसायनतज्ज्ञाने ते बनवलं. त्याच्या पत्नीचा, मार्गारीटचा, रक्तदाब कमी असे. टेनिस खेळण्यापूर्वी ती हे औषध घेई आणि खेळ सुधारला असं सांगे. तिच्या ‘रीटा’ या लाडक्या नावावरून औषधाचं नाव पडलं रिटालिन. गोळीने टेनिस सुधारतो हे घरात कळलं. गोळी थकव्याला गप्प बसवते याची किंमत कळायला आणखी काही वर्षं गेली. 13 जुलै 1967 रोजी टूर द फ्रान्सच्या शर्यतीत माँ व्हाँतूचा चढ चढताना टॉम सिम्पसन हा ब्रिटिश सायकलपटू रणरणत्या उन्हात कोसळला आणि मेला. त्याच्या शरीरात अॅम्फेटामाइन हे उत्तेजक सापडलं, दारूही सापडली. शरीर केव्हाच ‘पुरे’ म्हणालं असणार. ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. डोपिंग करणाऱ्या सायकलपटूची आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोज ठरलेली गोळी घेणाऱ्या विद्यार्थ्याची तुलना करणं अन्यायाचं आहे. मात्रा वेगळी, हेतू वेगळा. हे मान्यच करायला हवं. 2011 साली अमेरिकेत बारा लाखांहून अधिक मुलं आणि तरुणांच्या नोंदी तपासून झालेल्या मोठ्या अभ्यासात या औषधांमुळे हृदयाच्या गंभीर घटना वाढल्याचं आढळलं नाही. म्हणजे गोळी घेणाऱ्याने घाबरून मैदान सोडण्याचं कारण नाही. उलट नियमित व्यायामाने झोप, मूड आणि लक्ष या तिन्हींना हातभारच लागतो. तरीही दुसरा पुरावा बाजूला सारता येत नाही. 2008 साली बेल्जियममध्ये एक प्रयोग झाला. निरोगी, सरावाच्या सायकलपटूंना 20 मिलिग्रॅम मिथाइलफेनिडेट दिलं, म्हणजे औषधोपचारात सर्रास असते तेवढीच मात्रा. 30 अंश तापमानात ते अधिक वेगाने गेले, त्यांच्या शरीराचं तापमान अधिक चढलं आणि मेहनत मात्र त्यांना नेहमीइतकीच वाटली. रोज गोळी घेणाऱ्याचं शरीर तिला काही अंशी सरावतं, त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण दिशा स्पष्ट आहे. धोका एरवीच्या दिवसांत थोडा असतो. ऊन, दमट हवा, कमी पाणी, उपाशी पोट आणि लांबलेली मेहनत एकत्र आली की तो वाढतो. ही औषधं भूकही मारतात, म्हणून उपाशी पोटी व्यायामाचा प्रसंग गोळी घेणाऱ्यावर इतरांहून जास्त वेळा येतो.

हे सारं एकत्र येतं अशी एक जागा पेठेतच आहे. पावसाळ्यात नदीकाठी ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात. कमरेला बांधलेला ढोल, तासन्‌तास एकसारखा ठोका, आणि विसर्जनाच्या दिवशी बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्यावर वळायची वाट बघत दमट गर्दीत उभं राहणं. या पथकांत कॉलेजची मुलं-मुली असतात, आणि त्यांच्यातल्या एखाद्याच्या पाकिटात गोळीची पट्टी असू शकते. पथकप्रमुख ठोका चुकला तर लगेच ओळखतो. श्वास चुकला तर ओळखण्याची सवय त्याला कोणी लावलेली नाही.

दुसरा आक्षेप तालमीवरचा आहे. तालीम फार शहाणी होती हे कशावरून? तिथेही हजार जोरांचा अभिमान होता, पैलवानकी म्हणजे शहाणपण नव्हे, आणि बायकांना तिथे दार बंदच होतं. खरं आहे. तालीम हे सामाजिक न्यायाचं मंदिर होतं असं मी म्हणत नाही, जरी गंज पेठेतल्या लहुजी साळव्यांच्या तालमीत निरनिराळ्या जातींची पोरं एकत्र घाम गाळत, आणि तिथे शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी पुढे 1848 साली याच बुधवार पेठेत, भिडे वाड्यात, मुलींची शाळा काढली, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. माझा मुद्दा तालमीच्या आकड्यांचा नाही. हजार जोर चुकीचे असतील. ते हजार वस्तादाने वर्षानुवर्षं वाढवलेले असत आणि त्याचा ‘बस’ हा पोराच्या जोशाहून मोठा असे, एवढंच मला महत्त्वाचं वाटतं. गोळी घेणाऱ्याला बाहेरून घालून दिलेली मर्यादा हवी, कारण आतली मर्यादा उशिरा बोलते. ही मर्यादा वस्तादच घालून देईल असं नाही. घड्याळ, नाडी आणि आधीच ठरवलेली संख्याही ते काम करतात. नाडी दाखवणारं घड्याळ तपकीर गल्लीत सहज मिळतं, फक्त ते बघून थांबण्याचं ठरवलेलं हवं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत कमी पटतो: हे सगळं डॉक्टरांचं काम, व्यायामशाळेचं नाही. डॉक्टरांचं काम आहेच, आणि त्यांच्याकडे जाणाऱ्याचंही: व्यायाम सुरू करण्यापूर्वी रक्तदाब आणि नाडी तपासून घेणं, घराण्यात तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल किंवा कधी चक्कर येऊन पडणं झालं असेल तर ते सांगणं, गोळीचा असर चढणीला असताना जोरकस मेहनत करायची की नाही हे विचारणं, आणि मुख्य म्हणजे व्यायामासाठी म्हणून जास्तीची गोळी कधीच न घेणं किंवा मनाने ती बंद न करणं. पण डॉक्टर व्यायामशाळेत उभा नसतो. तिथे उभा असतो तो प्रशिक्षक, आणि पुण्यात त्याच्या आसपास काय चालतं हे आता लपलेलं नाही. मेफेंटरमिन हे शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब वर आणणारं इंजेक्शन; ते जिममध्ये ‘ताकदी’साठी टोचण्याचा प्रकार वाढला, आणि गेल्या काही वर्षांत पोलिसांना आणि अन्न व औषध प्रशासनाला शहरात त्याच्या बेकायदा विक्रीवर कारवाया कराव्या लागल्या. चिठ्ठीवर मिथाइलफेनिडेट घेणाऱ्या मुलाने त्यावर कोणी पुढे केलेली कॅफिनची पूड किंवा असलं इंजेक्शन घेतलं, तर हृदयावरचा भार साध्या बेरजेत मोजता येत नाही. हे मुलाला समोरासमोर सांगू शकणारा माणूस प्रशिक्षकच असतो. स्पर्धेत उतरणाऱ्यांना आणखी एक नियम लागू होतो: मिथाइलफेनिडेट आणि मेफेंटरमिन ही दोन्ही औषधं जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदीच्या यादीत आहेत, आणि आजारासाठी घ्यावी लागणाऱ्या औषधाची परवानगी स्पर्धेआधीच काढून ठेवावी लागते.

गंमत अशी की याच शहरात 1890 साली उत्तेजक पेयावरून मोठा वाद झाला होता. पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये टिळक, रानडे आणि इतर प्रतिष्ठितांनी चहा घेतला आणि ग्रामण्य, म्हणजे त्यांच्यावरच्या बहिष्काराचं प्रकरण, उठलं. तेव्हा चहाने हृदयाचं काय होतं हे कोणी विचारलं नाही. तो कोणाच्या घरचा, हेच सगळ्यांनी विचारलं. आज गोळीची गोष्ट लपवली जाते तीही बरीचशी तशाच धास्तीने, लोक काय म्हणतील म्हणून, आणि लपवलेल्या गोळीवर कोणाचीच नजर राहू शकत नाही.

म्हणून पेठेतल्या व्यायामशाळा चालवणाऱ्यांना आणि पथकप्रमुखांना विनंती आहे. नावनोंदणीच्या कागदावर नेहमी घेत असलेल्या औषधांची एक ओळ ठेवा, ती भरणाऱ्याची माहिती तुमच्यापाशीच राहू द्या. छातीत दुखलं, धडधड थांबेना, डोळ्यांपुढे अंधारी आली असं कोणी म्हणालं तर ‘अजून एक सेट’ न म्हणता त्याला बसवा, पाणी द्या आणि दवाखान्यात न्या. आणि जो स्वतःहून मध्येच बाजूला होईल, त्याची टिंगल होऊ देऊ नका.